आश्रय आणि स्वातंत्र्य : तंजावरचा छापखाना व विद्यार्थ्यांची नियतकालिके

विद्यार्थ्यांनी चालविलेल्या मराठी नियतकालिकांचा विचार साधारणतः मुंबईपासून सुरू होतो. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुण, त्यांची सभा आणि त्या सभेचे मासिक हा क्रम मराठी वाङ्मयेतिहासाने रूढ केला आहे. घटनांचा क्रम म्हणून तो बरोबरही आहे. परंतु अशा नियतकालिकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उपस्थित झाला की आरंभबिंदू काहीसा मागे न्यावा लागतो. मुंबईतील त्या मासिकाच्या पंचेचाळीस वर्षे आधी तंजावरला मराठी शाळा होती, देवनागरी खिळ्यांचा छापखाना होता, ग्रंथालय होते, पैसा होता आणि विद्येची मनापासून आवड असलेला राजा होता. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाला लागणारी बहुतेक सामग्री एका किल्ल्यात एकवटली होती. नियतकालिक मात्र तेथून निघाले नाही. ते का निघाले नाही, हा प्रश्न केवळ तंजावरच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. विद्यापीठे आणि महाविद्यालये आजही विद्यार्थ्यांना जे नियतकालिक देतात आणि जे देत नाहीत, त्याचे मर्म या प्रश्नात आहे.

दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांच्या घडणीत ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ या जर्मन धर्मोपदेशकाचा वाटा मोठा होता. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ, वैद्यकाचे संशोधन, चित्रे आणि उपकरणे यांचा संग्रह, अशा त्यांच्या अनेक उद्योगांची चर्चा अभ्यासकांनी केलेली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील दोन उद्योग महत्त्वाचे आहेत. एक, ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने ओळखली जाणारी शाळा आणि तिच्या जोडीला छत्रांमधून, विशेषतः ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात, चालविलेले विनामूल्य शिक्षण. दोन, १८०५ च्या सुमारास उभारलेला छापखाना. या छापखान्यातून १८०६ मध्ये सखण्णा पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बाळबोधमुक्तावली’ या नावाने बाहेर पडल्या. विल्यम केरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला १८०५ मध्ये छापले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे देवनागरीत छापलेल्या मराठीच्या अगदी पहिल्या पावलांपैकी एक पाऊल कावेरीच्या खोऱ्यात पडले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. हे पुस्तक व्यापाऱ्यासाठी नव्हते, मिशनऱ्यासाठीही नव्हते. ते शिकणाऱ्या मुलांसाठी होते. मराठी मुद्रणाचा दक्षिणेतील आरंभ विद्यार्थ्याला समोर ठेवून झाला, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

परंतु विद्यार्थी येथे कोणत्या भूमिकेत आहे, हेही पाहिले पाहिजे. तो वाचक आहे, ग्रहण करणारा आहे. सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात भटक्या कोरवंजीच्या तोंडून जगाच्या भूगोलाचे वर्णन येते. नव्या विद्येचा प्रसार करण्यासाठी तमिळ परंपरेतील एक लोकप्रिय नाट्यप्रकार हाताशी धरावा, ही कल्पकता असामान्य म्हटली पाहिजे. तथापि ज्ञानाची दिशा येथेही एकच आहे. ते वरून खाली येते. राजा रचतो, पंडित भाषांतर करतात, छापखाना छापतो, मुलगा पाठ करतो. मुलाने काही रचावे, ते इतर मुलांनी वाचावे आणि त्यावर कोणी उलट लिहावे, यासाठी या रचनेत जागाच ठेवलेली नाही.

छापखाना सुरू होण्याच्या दोनच वर्षे आधी, १८०३ मध्ये, बाबूराव चिटणीसांनी लिहिलेले भोसल्यांचे वंशचरित्र बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरले गेले. एवढा विस्तृत शिलालेख क्वचितच आढळतो. शिलालेख आणि मुद्रित पुस्तक यांत साधनांचा फरक मोठा आहे. पण तंजावरच्या दरबारात दोहोंचे कार्य पुष्कळसे सारखे राहिले. दोन्ही ठिकाणी मजकूर एकदा निश्चित होतो आणि कायमचा सर्वांसमोर उभा राहतो. नियतकालिकाचे तसे नसते. त्याचा पुढचा अंक मागच्या अंकाला उत्तर देऊ शकतो, चूक दाखवू शकतो, संपादकालाही खोटे पाडू शकतो. नियतकालिकाच्या स्वातंत्र्याचे बीज या ‘पुढच्या अंकात’ असते. तंजावरला मुद्रण आले, पण पुढचा अंक ही कल्पना रुजली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. १८०५ मध्ये देशी भाषांतील नियतकालिके हिंदुस्थानात कोठेच नव्हती. मग तंजावरकडे त्यांची अपेक्षा करणे कालविपर्यासाचे नाही काय? आक्षेप रास्त आहे, पण पुरा नाही. बंगालीतील ‘दिग्दर्शन’ आणि ‘समाचार दर्पण’ १८१८ मध्ये सेरामपूरहून निघाले. गुजरातीतील ‘मुंबई समाचार’ १८२२ मध्ये सुरू झाला. सरफोजीराजे १८३२ पर्यंत गादीवर होते आणि बाहेरच्या जगातील घडामोडींची त्यांना चांगली माहिती असे. मराठी वाचक तंजावरला थोडे होते हे खरे. पण मुंबईतही पहिल्या मराठी पत्रांचे वर्गणीदार काही शेकड्यांच्या पलीकडे गेले नव्हते. तेव्हा खरे कारण वाचकसंख्येत शोधण्यापेक्षा आश्रयाच्या स्वरूपात शोधणे अधिक युक्त होईल.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वाडा, मानमरातब आणि ठरीव उत्पन्न एवढेच राहिले, आणि शेजारी कंपनीचा रेसिडेंट. विद्येवर खर्च करण्याचे स्वातंत्र्य सरफोजीराजांना होते आणि ते त्यांनी उदार मनाने वापरले. राज्याविषयी, कराविषयी, कंपनीविषयी मत मांडण्याचे स्वातंत्र्य मात्र त्यांना स्वतःलाच नव्हते. आश्रयदाता आपल्याजवळचे देऊ शकतो. आपल्याजवळ नसलेले तो देऊ शकत नाही. सरफोजीराजांनी आपल्या शाळेला ज्ञान दिले, ग्रंथ दिले, अन्न दिले. स्वातंत्र्य दिले नाही, कारण ते त्यांच्या भांडारात नव्हते. यात त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. पण विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाचे स्वातंत्र्य हे संस्थाप्रमुखाच्या सज्जनपणावर सोपवता येत नाही, हा धडा त्यातून मिळतो. स्वतः अनुदानाची वाट पाहणारे विद्यापीठ या बाबतीत तंजावरच्या वाड्याहून फारसे वेगळे नसते.

सरफोजीराजांचे निधन ७ मार्च १८३२ रोजी झाले. त्याच्या सुमारे दोन महिने आधी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला होता. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीतील तरुण होते. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु मराठी मुद्रणाचे एक पर्व संपून दुसरे सुरू झाल्याची खूण म्हणून त्या शेजारी ठेवाव्यात अशा आहेत. तंजावरला मराठी छापखाना राजाच्या खर्चाने चालला. ‘दर्पण’ने वाचकांच्या वर्गणीवर उभे राहण्याचा प्रयत्न केला. तो आठ वर्षे टिकला. टिकण्याच्या काळापेक्षा त्याने घालून दिलेला व्यवहार अधिक महत्त्वाचा. मजकूर विकत घेणारा वाचक त्यावर आपले मतही कळवू लागला. वाचकांची पत्रे हा पत्राचा भाग झाला.

विद्यार्थ्यांचे असे म्हणता येईल अशा नियतकालिकासाठी यानंतर आणखी अठरा वर्षे जावी लागली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तेथून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी जून १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिला प्राध्यापक पॅटन यांचे मार्गदर्शन होते. त्याच वर्षी तिची मराठी शाखा ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ सुरू झाली आणि तिचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे आले. सभेत वाचलेले निबंध लोकांपर्यंत जावेत म्हणून १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. ते १८६७ पर्यंत चालले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे विद्यापीठ जन्मण्यापूर्वीच त्याच्या भावी विद्यार्थ्यांचे मासिक सात वर्षांचे झाले होते. शास्त्रीय विषयांवरील मराठी निबंधाची घडण या मासिकाच्या पानांत झाली, हे गद्याच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे.

तंजावरशी तुलना केली म्हणजे दोन फरक ठळकपणे दिसतात. पहिला, येथे लिहिणारा आणि वाचणारा एकाच बाकावर बसणारे होते. दुसरा, मजकूर छापण्याआधी तो सभेत वाचला जाई; म्हणजे छापखान्याच्या आधी चर्चा होती. परंतु या मासिकालाही एक कुंपण होते. धर्म आणि राजकारण हे दोन विषय सभेच्या कामकाजातून वगळलेले होते. कुंपण बाहेरून घातले गेले की आतून, याची काटेकोर विभागणी करणे व्यर्थ आहे. सरकारी शाळेतील विद्यार्थी, नाना धर्मांचे सभासद, धर्मांतराच्या प्रकरणांनी तापलेले शहर आणि देणगी देणारे शेटजी, या परिस्थितीत तो नियम शहाणपणाचा वाटला असणार. त्याची किंमतही उघड आहे. ज्या दोन विषयांनी त्या पिढीचे आयुष्य ढवळून निघत होते, तेच दोन विषय तिच्या मासिकात वर्ज्य ठरले.

तथापि नियमाने मनाई केलेली गोष्ट कृतीच्या वाटेने आत आली. सोसायटीच्या सभासदांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि आरंभी तेथे स्वतः विनावेतन शिकविले. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी जागा आणि पाठबळ दिले. मुलींना अक्षरओळख करून देणे हा त्या काळी धर्माचाच प्रश्न होता. सभेच्या नियमपुस्तकाने त्याला कोणत्याही नावाने पुकारले तरी त्यात फरक पडत नव्हता. विद्यार्थ्यांना विषय वाटून देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘साहित्य चालेल, राजकारण नको’ असे आजही सांगितले जाते. पण जे विद्यार्थी प्रामाणिकपणे साहित्य लिहितात, त्यांच्या लेखनात वसतिगृह, जात, शुल्क, भाषा आणि नोकरी या गोष्टी येतातच; आणि त्या आल्या की राजकारण आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न पुण्यात अधिक तीव्र झाला. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये सुरू झाले आणि त्याच्या शिक्षकांनी १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे काढली. पत्रे विद्यार्थ्यांची नव्हती. पण कॉलेजच्या बाकांवरून नुकत्याच उठलेल्या तरुणांची होती, आणि शाळा व पत्र एकाच मंडळींच्या हातात असल्याने दोहोंच्या हिताचा संघर्ष त्यांत जन्मापासूनच होता. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. शाळेचे शिक्षक पत्राच्या लेखनासाठी तुरुंगात गेले, आणि शाळा तरीही चालली. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज झाले. कॉलेजला राज्यपालांचे नाव, संस्थानिकांच्या देणग्या आणि विद्यापीठाची मान्यता मिळाली. अशा संस्थेच्या चालकांनी त्याच वेळी सरकारवर आणि समाजावर कठोर टीका करणारे पत्र चालविणे दिवसेंदिवस अवघड होत गेले.

त्यातून जी फाटाफूट झाली तिचे वर्णन सहसा दोन व्यक्तींच्या मतभेदाच्या अंगाने केले जाते. संस्थेच्या अंगाने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ते कॉलेजात राहिले आणि पुढे त्याचे प्राचार्य झाले. टिळकांनी १८९० मध्ये संस्था सोडली. त्यांनी पत्र ठेवले. एकाने पत्र सोडून संस्था राखली, दुसऱ्याने संस्था सोडून पत्र राखले. दोघांनीही, परस्परविरुद्ध दिशांनी, एकच सिद्धान्त मान्य केला : शिक्षणसंस्था आणि वृत्तपत्र यांचा कारभार एका हाताखाली राहू नये. ‘सुधारक’ हे फर्ग्युसन कॉलेजचे पत्र नव्हते, म्हणूनच फर्ग्युसनच्या प्राध्यापकाला त्यात मनातले लिहिता आले.

याच सुमारास तंजावरच्या मातीचे नाव या इतिहासात पुन्हा येते. या वेळी तमिळ आणि इंग्रजी यांच्या वाटेने. मद्रासला २० सप्टेंबर १८७८ रोजी सहा तरुणांनी ‘द हिंदू’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यांत दोन शिक्षक होते आणि चार कायद्याचे विद्यार्थी. तंजावर जिल्ह्यातील टी. मुथुस्वामी अय्यर यांची मद्रासच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून झालेली नेमणूक अँग्लो-इंडियन पत्रांना रुचली नाही, आणि त्या पत्रांना उत्तर देण्यासाठी या तरुणांना स्वतःचे पत्र हवे होते. पावणेदोन रुपये उसने घेऊन ऐंशी प्रती छापल्या गेल्या. छापखाना दुसऱ्याचा होता. या सहांतील प्रमुख जी. सुब्रह्मण्य अय्यर हे तिरुवैयारूचे, म्हणजे तंजावरपासून काही मैलांवरील गावचे. त्यांचे शिक्षण तंजावरच्या सेंट पीटर्स शाळेत झाले, आणि ती शाळा श्वार्ट्‌झच्याच मिशनकार्यातून वाढलेली होती. श्वार्ट्‌झचा एक शिष्य राजा झाला आणि त्याने छापखाना उभारला. त्याच्याच परंपरेतील शाळेचा दुसरा विद्यार्थी उसन्या पैशांवर आणि परक्या छापखान्यावर वृत्तपत्र काढून गेला. पहिल्याजवळ सर्व साधने होती, दुसऱ्याजवळ उत्तर देण्याची निकड होती. नियतकालिक जन्माला घालण्यास साधनांपेक्षा निकड अधिक उपयोगी पडते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

या पत्राच्या पुढील इतिहासात विद्यार्थी-नियतकालिकांच्या दोन नेहमीच्या व्याधी दिसतात. कायद्याचे विद्यार्थी वकील झाले आणि लवकरच पत्रातून बाहेर पडले. विद्यार्थिदशा ही मुळातच तात्पुरती असते. जो संपादक तयार होतो तो तयार होताच निघून जातो. म्हणून ज्या पत्राला वारसा सोपविण्याची पद्धत नाही ते एकतर बंद पडते किंवा कायम राहणाऱ्या माणसांच्या, म्हणजे शिक्षकांच्या वा मालकांच्या, हाती जाते. दुसरी व्याधी वाचकांच्या दडपणाची. सुब्रह्मण्य अय्यर यांनी आपल्या बालविधवा मुलीचा पुनर्विवाह १८८९ मध्ये लावून दिला. सामाजिक सुधारणेविषयीचे त्यांचे रोखठोक लेखन अनेक वर्गणीदारांना मानवले नाही, आणि सहकाऱ्याशी मतभेद होऊन १८९८ मध्ये ते ‘द हिंदू’मधून बाहेर पडले. ‘केसरी’मधून आगरकर बाहेर पडले त्याचे कारण फार निराळे नव्हते. सरकार, संस्थाचालक आणि देणगीदार यांच्यापासून स्वातंत्र्य मिळविलेले पत्र आपल्याच समाजाच्या नाराजीपुढे कसे वाकते, हे मद्रास आणि पुणे या दोन्ही ठिकाणी दिसून आले. आजच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. प्राचार्यांना निर्भयपणे विरोध करणारे विद्यार्थी आपल्या संघटनेला, जातिगटाला किंवा वसतिगृहातील बहुमताला विरोध करताना अनेकदा कचरतात.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. मार्च १८७८ मध्ये लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. सत्तेला देशी भाषेचे भय अधिक वाटते, हे त्या कायद्यानेच सांगून टाकले. सुब्रह्मण्य अय्यर यांनी १८८२ मध्ये ‘स्वदेशमित्रन्’ हे तमिळ पत्र सुरू केले, त्यामागील जाणीवही हीच असावी : इंग्रजीत सरकारशी बोलता येते, समाजाशी बोलण्यास त्याची भाषा लागते. बहुभाषिक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची पत्रे आज पुष्कळ वेळा इंग्रजीत निघतात आणि भारतीय भाषांच्या वाट्याला भाषादिनाचे भित्तिपत्रक येते. हा केवळ भाषाप्रेमाचा प्रश्न नव्हे. ज्या भाषेत विद्यार्थी घरी वाद घालतो त्या भाषेत त्याला छापील वाद घालता येत नसेल, तर त्याचे स्वातंत्र्य अर्धेच राहते.

आता वर्तमानाकडे वळावे. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे नियतकालिक म्हणजे वार्षिक अंक. त्यासाठीचा पैसा सामान्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो. संपादनाची सूत्रे प्राध्यापकांकडे असतात, प्राचार्यांची संमती गृहीत असते, आणि अंकाची बरीच पाने मनोगत, अहवाल, छायाचित्रे व पारितोषिकांच्या याद्या यांनी भरतात. लेख अंकात जाण्यापूर्वी वरिष्ठांनी पाहावा, हे इतके स्वाभाविक मानले जाते की त्याला कोणी नियंत्रण म्हणत नाही. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली तेव्हा सुशिक्षित समाजाच्या मोठ्या भागाने ती लोकशाहीवरील आघात मानली. तीच पूर्वतपासणी महाविद्यालयाच्या अंकाला दरवर्षी, कोणत्याही वटहुकुमाविना, लागू असते. ज्या वयात मत बनते त्या वयात मत दाखवून घेण्याची सवय लावायची, आणि पुढे त्याच नागरिकाकडून निर्भय विचाराची अपेक्षा करायची, ही विसंगती आहे.

संस्थाचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. अंकावर संस्थेचे नाव असते. बदनामीचा दावा झाला तर तो संस्थेवर येतो. विद्यार्थी अपरिपक्व असतात. समाजातील तणाव एका कवितेने पेटू शकतो. यांतील पहिल्या दोन हरकती खऱ्या आहेत आणि त्यांचे उत्तर व्यवस्थेत आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले, आणि २०२३ च्या कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत दीड शतक तो अमलात होता. त्या कायद्याचा हेतू नियंत्रणाचा होता. पण त्यातील एक तत्त्व घेण्याजोगे आहे : जबाबदारी नाव घेऊन स्वीकारावी. विद्यार्थी-संपादकाचे नाव आणि उत्तरदायित्व स्पष्ट असेल, संस्थेचे मत आणि अंकाचे मत वेगळे असल्याचे छापलेले असेल, तर संस्थेला तपासनिसाची भूमिका घेण्याचे कारण उरत नाही. अपरिपक्वतेची हरकत मात्र टिकणारी नाही. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री विशीत होते, सुब्रह्मण्य अय्यर ‘द हिंदू’च्या आरंभी तेवीस वर्षांचे होते, टिळक आणि आगरकर यांनी ‘केसरी’ काढला तेव्हा त्यांनी पंचविशीही ओलांडली नव्हती. परिपक्वता आधी आणि जबाबदारी नंतर, असा क्रम इतिहासात आढळत नाही.

संस्थेच्या सावलीत राहूनही स्वतंत्र पत्र उभे राहू शकते, याची उदाहरणे नाहीत असे नाही. तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ आणि त्यातूनच ‘अस्मितादर्श’ हे गंगाधर पानतावणे यांचे त्रैमासिक पुढे आले. दलित साहित्याच्या दोन पिढ्या त्याने घडविल्या. महाविद्यालयाने लिहिणारे हात आणि चर्चेची जागा पुरविली. पत्र मात्र महाविद्यालयाचे मुखपत्र राहिले नाही. शिक्षणसंस्थेने नियतकालिकाशी कसे वागावे याचा हा नमुना म्हणता येईल : जन्माला हातभार लावावा आणि मग हात काढून घ्यावा.

यावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येणारा पैसा हा अनुग्रह नसून त्यांचाच पैसा आहे. त्यातील ठरावीक वाटा नियमाने संपादक मंडळाच्या स्वाधीन व्हावा आणि मजकूर न आवडल्याने तो थांबविता येऊ नये. शिक्षकांनी सल्लागार असावे. त्यांचा सल्ला मागितला जावा, सक्तीचा नसावा. प्रत्येक अंकात मागील अंकावरील उत्तरांना जागा असावी आणि ती संस्थाचालकांनाही खुली असावी, कारण टीकेला उत्तर देण्याचा हक्क त्यांनाही आहे. मावळत्या मंडळाने पुढच्या मंडळाला काम शिकवूनच निघावे. वर्षातून एकदा निघणाऱ्या जाडजूड अंकाऐवजी वर्षातून अनेक वेळा निघणारी चार पाने अधिक उपयोगी, कारण पुढचा अंक जवळ असल्याशिवाय वाद होत नाही. आणि शेवटची गोष्ट अभ्यासकांच्या खास आस्थेची : प्रत्येक अंकाच्या प्रती ग्रंथालयात नोंदवून जतन व्हाव्यात. अनेक मराठी लेखकांचे पहिले लेखन महाविद्यालयीन अंकांत आहे, आणि ते अंक रद्दीत जातात. ज्या समाजाने विद्यार्थ्याच्या लेखनाला जपण्याजोगे मानले नाही, तो त्याच्या स्वातंत्र्याला जपण्याजोगे मानील अशी आशा धरता येत नाही.

जतन करण्याच्या बाबतीत तंजावरने केलेले काम आदर्श ठरावे असे आहे. सरस्वती महाल १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. तेथील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे पिढ्यान् पिढ्या सांभाळली गेली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. मराठी राजवटीचे दप्तर तमिळ भाषेच्या विद्यापीठाने वाचनीय करावे, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला उमेद देणारे आहे. अशा दप्तरातून दरबाराचा खर्च, नेमणुका, वेतने आणि देणग्या यांचा माग लागतो. छत्रातल्या शाळेत बसलेल्या मुलाला ‘बाळबोधमुक्तावली’ वाचून काय वाटले, याचा माग मात्र त्यातून लागणार नाही, कारण जमाखर्चाच्या कागदाला मुलाचे मत टिपण्याचे कारण नसते. ते मुलानेच लिहावे लागते, आणि ते छापण्यास त्याच्याच वयाच्या कोणाची तरी तयारी असावी लागते. आश्रयाने शाळा उभी राहते, ग्रंथ छापले जातात, दप्तरेही टिकतात. विद्यार्थ्याचा शब्द मात्र, त्याचे पत्र त्याच्या हाती असेल तरच, पुढच्या काळाच्या हाती लागतो.